‘ब्लॅक फ्रायडे’ पाहणं ही करमणूक नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. १९९३च्या मुंबई स्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट पाहणं म्हणजे मेलेल्यांच्या दुःखावर करमणूक, त्यात बॉम्ब ठेवणाऱ्याबद्दल कणव आहे, आणि मुंबईचं दुःख नागपुरात बसलेल्याने सांगू नये, असं तुम्ही लिहिलंय. स्टॉक एक्स्चेंजचा स्फोट झाला तिथेच बंद केला, हेही लिहिलंय.

आधी नागपूर. या स्फोटांच्या खटल्यात याकूब मेमनला फाशी ३० जुलै २०१५ला आपल्या वर्धा रोडवरच्या कारागृहात झाली. पहाटे सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालली, सकाळी फाशी. त्या दिवसांत पानठेल्यापासून ऑफिसपर्यंत एकच चर्चा होती, फाशी द्यावी की देऊ नये. एवढं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरलंच कसं, हा प्रश्न मला क्वचितच ऐकू आला. म्हणून हा चित्रपट मला महत्त्वाचा वाटतो.

सुरुवातीलाच एक पकडलेला माणूस पोलिसांना सांगतो की स्फोट होणार आहेत. तारीख ९ मार्च. कोणी मनावर घेत नाही. १२ मार्चला दुपारी दीड ते पावणेचारच्या दरम्यान शहर हादरतं आणि २५७ माणसं जातात. पुढे न्यायालयाने कस्टम्सच्या आणि पोलीस खात्यातल्याही लोकांना दोषी ठरवलं. परवा माझा भाचा सोबत होता. माल उतरवण्याच्या प्रसंगी त्याने चित्रपट थांबवला आणि विचारलं, ‘मामा, तिथं अडवणारं कोणीच नव्हतं का?’ होते ना. पगारी होते. करमणुकीच्या चित्रपटाने हा प्रश्न त्याच्या तोंडी आला नसता.

कणवेचं म्हणाल तर मला ती दिसत नाही. स्फोटांत सामील असलेला बादशाह खान गावोगाव लपत फिरतो, पैसे संपतात आणि ज्यांच्या शब्दावर त्याने हे केलं ते हात वर करतात. कटाचा सूत्रधार, याकूबचा भाऊ टायगर मेमन तर स्फोटांच्या दिवशी पहाटेच देश सोडून गेला होता. वापरून फेकून दिलेला माणूस दाखवणं म्हणजे त्याला माफ करणं नाही. आणि हाच चित्रपट कोठडीतली मारहाण, आरोपींच्या घरच्या बायकांची झालेली विटंबनाही लपवत नाही. आधीच्या दंगलीही सांगतो. कुणाचीच बाजू सोयीची करत नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे.

खटला चालू असताना मुंबई उच्च न्यायालयाने प्रदर्शन रोखलं होतं. ते योग्यच होतं, असं माझं मत आहे. निकालाआधी पडद्यावर कुणाला गुन्हेगार ठरवू नये. टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाचे निकाल २००६मध्ये येऊ लागले आणि चित्रपट फेब्रुवारी २००७मध्ये लागला.

एका बाबतीत मात्र तुमच्या रागाला जागा आहे. मेलेली माणसं यात जवळजवळ नाहीतच. त्यांची घरं, त्यांच्या मागे राहिलेले, कोणी नाही. हा तपासाचा चित्रपट आहे, हे मान्य करूनही मला ती उणीव खुपते. झवेरी बाजारात किंवा सेंच्युरी बाजारात गेलेल्या एका तरी माणसाच्या घरी कॅमेरा जायला हवा होता.

पण भाऊ, तुम्ही थांबलात तिथून पुढेच तपास आहे. वरळीत सोडून दिलेल्या मारुती व्हॅनवरून पोलीस मेमनच्या घरापर्यंत कसे पोहोचले, निदान तेवढं पाहा. नंतर पुन्हा लिहा, वाट पाहतो.