तीन तांब्यांचं झाड

सांगलीच्या एप्रिलात दुपारी बारा वाजता माणूसच मान टाकतो, तिथं टोमॅटोचं काय एवढं. पण रंगाच्या रिकाम्या बादलीतलं ते रोप मी बियांपासून वाढवलेलं, त्यामुळं राहवलं नाही, ओतला तांब्या. संध्याकाळी गडी परत ताठ! मला वाटलं माझ्या हाताचा गुण. (कसला गुण, भर उन्हात पानं मुळांच्या स्पीडपेक्षा जास्त पाणी उडवतात म्हणून लोळतात, ऊन उतरलं की आपोआप सावरतात.)

मग रोजच दुपारी तांब्या. आठ-दहा दिवसांनी मात्र ते संध्याकाळीपण उठेना.

शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागलीय. खालच्या मजल्यावरून सल्ला आला, मूठभर युरिया टाका. नशीब टाकला नाही, खत जास्त झालं की मातीतलं पाणी खारट होऊन मुळांतलंच पाणी बाहेर ओढतं, कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तसंच. मी आपली काळजीनं तांब्याचे दोन तांबे केले.

रविवारी तासगावचे मामा आले. द्राक्षबागवाले. त्यांनी चहाच्या आधी बादलीत बोट खुपसलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत चिखलात गेलं.

"पाणी कोण घालतं गं?"

"मीच की, दुपारी."

आतनं सासूबाई म्हणाल्या, "मी सकाळी तुळशीला घालते तेव्हा उरलेलं ह्याला घालते बाई, बिचारं सुकलेलं असतं." आणि अहो, जे घरात स्वतःच्या हातानं पाणी घेऊन पीत नाहीत, ते रात्री फोनवर बोलत बोलत बाटली उपडी करत होते. म्हणजे नव्या सुनेला घरातल्या प्रत्येकानं "जेवलीस का" विचारून नवीन ताट वाढावं, तशातली गत.

मामांनी रोप उपटलं. मुळं पांढरी पाहिजेत, ती चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी, बोटानं ओढली की साल निघून हातात, आणि वास गटारीचा. बादलीला भोक एकच, तेही मातीनं बुजलेलं.

"अगं, मुळांनाबी श्वास लागतो. पाणी साचलं की हवा न्हाई, हवा न्हाई तर मूळ पाणी वढत न्हाई, कुजतंय. पान म्हंजे टम्म द्राक्ष, पाणी कमी पडलं की त्याचा बेदाणा. बुडालेलं आन् तहानलेलं झाड वरनं सारखंच दिसतंय."

२०१९ चा महापूर बघितलेल्या गावात मी हे बादलीत करून दाखवलं होतं!

मला तरी शंका होती की हा मर रोग, म्हणजे झाड सुकवून मारणारा रोग असणार, कारण रोगाचं नाव असलं की आपला दोष जरा कमी होतो. मामांनी विळीवर खोड आडवं कापलं, आत तपकिरी कडं नाही, म्हणजे बुरशीची मर नाही. मग तो तुकडा काचेच्या ग्लासात पाण्यात धरला, बॅक्टेरियाची मर असली तर कापल्या जागेतनं दुधासारखी धार सुटते म्हणे. आम्ही चौघं पाच मिनिटं ग्लासाकडं टक लावून बसलो, मॅचची शेवटची ओव्हर असल्यासारखं. पाणी स्वच्छच.

"रोग न्हाई," मामा म्हणाले, "तुमी हाय."

अहो खाली बघायला लागले. मी लगेच नियम केला, यापुढं कुठल्याही झाडाला बोट मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही मीच घालणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांना सोडायला आम्ही जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो तर सासूबाई तो ग्लास घेऊन गॅलरीत, "चांगलं पाणी कशाला फेकायचं" म्हणत मोगऱ्यात ओतत होत्या.