सर्व पालकांनी नोंद घ्यावी

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा पालक झालो. यात वैद्यकशास्त्राचा काही संबंध नाही. नातीच्या शाळेचा नियम असा, की एका घरातून एकच मोबाइल नंबर वर्गाच्या ग्रुपवर घ्यायचा. मुलगा आठवडाभर पुण्यात. सूनबाई कोरेगावला बँकेत, तिथं काउंटरवर मोबाइल काढला तर खातेदार अंगावर येतात. आमच्या हिनं सांगून टाकलं, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा सापडत नाही." राहिलो मी. "तुम्ही रिकामेच असता" असं सूनबाई म्हणाली नाही, चांगल्या घरची आहे ती. ती म्हणाली, "बाबा, सूचनांचा तुमचा अनुभव दांडगा आहे."

आहेच. उभी हयात एसटीत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं सातारा स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून. खिडकीत बसायचं आणि माइकवर गाड्या पुकारायच्या. पुकारताना तीन गोष्टी सांगायच्या : कुठली गाडी, कुठल्या फलाटावर, किती वाजता. चौथी गोष्ट सांगितली की पहिल्या तीन ऐकणारा विसरतो. "कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की" यातलं काहीही त्यात बसत नाही. स्वारगेट विनावाहक फलाटाला लागली याचा मला कधी अत्यंत आनंद झालेला नाही, आणि झाला असता तरी तो प्रवाशांना कळवायचं कारण नव्हतं.

शाळेची सूचना मात्र आनंदानंच सुरू होते. मग विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाचा एक परिच्छेद. मग संस्कृती, परंपरा आणि कलागुणांना वाव. मग "सर्व पालकांनी नोंद घ्यावी". कशाची घ्यावी, ते अजून आलेलं नसतं. ते येतं मुख्याध्यापकांच्या सहीच्या खाली, शिक्का जिथं उमटलाय बरोबर तिथं : "ता. क. उद्या येताना प्रत्येकाने एक कुंडी आणावी." आणि हे सगळं लेटरहेडवर छापून, टेबलावर ठेवून, पंख्याच्या वाऱ्यात फोटो काढून, रात्री पावणेदहाला.

आमच्या शाळेत शिपाईमामा सूचनावही घेऊन वर्गावर यायचे. गुरुजी वाचायचे, सही करायचे, वही पुढच्या वर्गात. ती सूचना घरी सांगायची की नाही हे आम्ही ठरवायचो. सुट्टीची सांगायचो, फीची सांगायचो नाही. त्यामुळे आमच्या वडिलांचं आयुष्य सुखात गेलं. मुलगा कितवीत आहे हे त्यांना निकालाच्या दिवशी कळायचं, आणि तेवढं त्यांना पुरायचं.

आता सूचना आली की पहिल्यांदा पावती सुरू होते. "ओके मॅम." "ठीक आहे मॅडम." "नोटेड." "धन्यवाद मॅडम." जोडलेले हात. अंगठा. पुन्हा जोडलेले हात. एवढ्या अंगठ्यांखाली मूळ सूचना वर सरकत सरकत दिसेनाशी होते, आणि मग पहिला प्रश्न येतो : "मॅडम, उद्या काय आणायचं आहे?" दुसरा, "उद्या युनिफॉर्म की पीटी ड्रेस?" तिसऱ्या ताई टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. त्यात कुकरच्या शिट्टीमुळे नेमका प्रश्न ऐकू येत नाही, पण बटाटे शिजलेत हे कळतं. या सगळ्यात एक गृहस्थ "एनए प्लॉट, रोड टच, बँक लोन उपलब्ध" हे टाकून जातात. मॅडम लिहितात, "कृपया ग्रुपवर शाळेव्यतिरिक्त काही टाकू नये." त्यावर त्याच गृहस्थांचा सर्वात आधी अंगठा.

शाळेत आता वार नसतात, दिन असतात. एकवीस जूनला योग दिन. पाच सप्टेंबरला शिक्षक दिन, त्या दिवशी मुलं शिक्षक होतात आणि साडी आईची जाते. पंधरा ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. बावीस डिसेंबरला रामानुजन यांचा गणित दिन. तीन जानेवारीला सावित्रीबाई. बारा जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी, म्हणजे घरात नऊवारी असेल तर जिजाऊ आणि भगवा फेटा असेल तर विवेकानंद. चौदा जानेवारी सगळ्या जगाला संक्रांत म्हणून ठाऊक आहे, शाळेत तो भूगोल दिनही असतो. सत्तावीस फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचा मराठी भाषा गौरव दिन, आणि दमलेल्या पालकानं जरा पाठ टेकावी तर दुसऱ्याच दिवशी, अठ्ठावीसला, विज्ञान दिन. रामन यांनी १९२८ साली आपला शोध आठवडाभर उशिरा जाहीर केला असता तर महाराष्ट्रातल्या पालकांना कार्डबोर्ड आणायला उसंत मिळाली असती. आमच्या नातीची एकच नऊवारी आहे. तीन जानेवारीला तिच्यावर काळी शाल आणि हातात पाटी, बाराला त्याच नऊवारीवर शेला आणि चंद्रकोर. नऊ दिवसांत लुगडं धुऊन वाळत नाही म्हणून इतिहासाच्या एका पर्वाची हळद दुसऱ्या पर्वात दिसते.

एका दिवसाला मात्र मी कुरकुर करत नाही. सात नोव्हेंबर. १९०० साली त्या तारखेला बाबासाहेब आमच्या साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. राजवाड्याजवळचं आताचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. २०१७ पासून राज्यभर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी वेशभूषा नसते, कुंडी नसते, कार्डबोर्ड नसतो. नात भाषण पाठ करते आणि मी ते न चुकता ऐकतो.

पण दिंडीचं सांगायचं राहिलं.

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि वह्यांना कव्हरं चढायच्या आत आषाढी येते. एकादशीला सुट्टी, म्हणून शाळेची दिंडी दशमीला. सूचना अर्थातच नवमीच्या रात्री. "मुलांनी धोतर, बंडी, टोपी, टाळ किंवा पताका. मुलींनी नऊवारी आणि डोक्यावर तुळस." हे वाचून मी पायजम्यावरच भाड्यानं कपडे देणाऱ्या दुकानात गेलो. शटर अर्धं खाली आणि अख्खा वर्ग, म्हणजे वर्गाचे वडील, बाहेर उभे. दुकानदार शांत होता. वर्षानुवर्षं नवमीच्या रात्री त्याचं दुकान बंद झालेलं नाही. नऊवारी आमच्याकडे होती, मला फक्त कमरपट्टा आणि टाळ हवे होते. पुढच्या एका वडिलांच्या वाट्याला वारकऱ्याचा ड्रेसच उरला नाही. दुकानदार म्हणाला, "मावळा घेऊन जा, तलवार ठेवा मला, हातात पताका द्या." त्यांनी घेतला. दिंडीत तो एकटा पोरगा विठ्ठलाला मुजरा करत होता.

तुळशीचा प्रश्न घरी आल्यावर उपटला. आमचं वृंदावन सिमेंटचं, ते डोक्यावर घ्यायला पैलवान लागेल. मी म्हटलं, चार मंजिऱ्या तोडून डब्यात लावू. आमची ही म्हणाली, "सूर्य मावळल्यावर तुळस तोडत नाहीत." मग सकाळी? "सकाळी अंघोळ करून. पण शाळेच्या नाटकासाठी तोडणार असाल तर मुळीच नाही." शेवटी शेजारच्या काकूंची तुळस सबंध कुंडीसह उचलून आणली. मातीची कुंडी, वर पाणी घातलेलं. दप्तराच्या ओझ्याबद्दल शासनाचा नियम आहे, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जायचं नाही. तुळशीबद्दल नियम नाही. नातीनं कुंडी डोक्यावर घेतली आणि तिची उंची माझ्या देखत कमी झाली.

मला हे फार लागतं, कारण खरी वारी मी जवळून पाहिली आहे. यात्रेच्या जादा गाड्या सोडण्यात माझे कितीतरी आषाढ गेले. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात शिरते, लोणंदला मुक्काम करते, पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. लाखो माणसं. प्रत्येक दिंडीला नंबर. रथापुढे कुणी चालायचं, मागे कुणी, हे ठरलेलं. मुक्कामी समाजआरतीला चोपदारानं चोप वर केला की एवढ्या समुदायातला टाळ थांबतो. सगळं माळरान गप्प. चोपदाराला "ओके सर" कुणी म्हणत नाही आणि "उद्या कुठला गणवेश?" असंही कुणी विचारत नाही. आमच्या ग्रुपवर चाळीस घरं आहेत आणि चोप वर करायची सोय नाही.

पहाटे पाऊस. साताऱ्यात आषाढात पाऊस पडतो ही बातमी नव्हे, पण सहाच्या सुमाराला ग्रुपवर कुणीतरी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश टाकला : अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी. अंगठ्यांचा महापूर. नात नऊवारीतच अंथरुणावर आडवी. मी चष्मा लावून आदेश नीट वाचला. जिल्हा दुसरा होता आणि साल मागचं. तेवढ्यात मॅडमचा खरा निरोप आला, "दिंडी होणार आहे, हॉलमध्ये." दिंडी हॉलमध्ये गोल गोल फिरली. तिला रिंगण म्हणावं की गर्दी, ते ठरायच्या आत पसायदान झालं. परतताना नातीनं विचारलं, "आबा, पंढरपूर कुठल्या मजल्यावर होतं?"

आनंद मेळाव्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हिशोब दुखरा आहे. मुलांनी स्वतः पदार्थ करून विकायचे आणि व्यवहारज्ञान मिळवायचं. भेळ सूनबाईनं केली, चिंच मी कोळली, कांदा हिनं चिरला. नातीनं स्टॉलवर "ताजी भेळ" असा बोर्ड धरला. प्लेट दहा रुपयांना. आम्हाला पडली चौदाला. पहिलं गिऱ्हाईक मी, दुसरं ही, मग वर्गातल्या बाकीच्या आज्या-आजोबांनी एकमेकांच्या नातवंडांकडून खाऊन घेतलं. संध्याकाळी नातीनं गल्ला मोजला आणि "नफा झाला" म्हणून घरात उड्या मारल्या. मेळाव्याचं व्यवहारज्ञान मुलीला मिळालं, व्यवहार आमच्याकडे राहिला.

मग पालक-शिक्षक संघाची सभा आली. खाजगी शाळांच्या फीसाठी २०११ साली कायदा झाला, त्यात कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. इच्छुक कुणी नव्हतं, तरी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. नाव सूनबाईचं निघालं आणि बैठकीला खुर्चीवर मी. विषय संपल्यावर मी उठलो. स्थानकात जसा बोलायचो तसंच बोललो : कार्यक्रम कुठला, कुठे, किती वाजता, सोबत काय. चार ओळी. आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी.

मॅडम तरुण आहेत, एखाद्यानं चिडावं अशा मुळीच नाहीत. त्या म्हणाल्या, "आबा, मला वरून सूचना रात्री साडेआठला येते. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी घ्यायचा, फोटो काढायचे, त्याच दिवशी लिंकवर टाकायचे, अहवाल पाठवायचा. तुमच्यापर्यंत पावणेदहाला पोचते म्हणजे मी जेवलेलीसुद्धा नसते." माझ्याजवळ यावर उत्तर नव्हतं. कंट्रोलरलाही डेपोतून गाडी आल्याशिवाय पुकारता येत नाही. मी म्हटलं, "मॅडम, सहलीची सूचना मी लिहून देतो. गाडी एसटीचीच आहे."

सहल म्हटल्यावर माझ्यात जीव आला. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते, त्याचे कागद कुठल्या टेबलावर द्यायचे हे मला झोपेतही सांगता येईल. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड आणि परत. संमतीपत्रं पंधरा दिवस आधी वाटली. सूचना चार ओळींची लिहिली : इयत्ता तिसरीची सहल. शाळेच्या फाटकासमोर. पहाटे साडेपाच. डबा, पाण्याची बाटली, स्वेटर, उलटीची पिशवी. "अत्यंत आनंद" नाही, "सर्वांगीण विकास" नाही. मॅडमनी एक अक्षर न बदलता ग्रुपवर टाकली. आठवडाभर आधी, संध्याकाळी सहाला.

लगेच अंगठे. ते मी धरूनच चाललो होतो. मग, "मॅडम, सहल कुठल्या इयत्तेची?" "गाडी घरापाशी येणार का?" "साडेपाच म्हणजे सकाळी ना?" "डबा द्यायचा का?" "स्वेटर युनिफॉर्मचा की साधा चालेल?" कुकरवाल्या ताईंनी काहीतरी विचारलं, त्या दिवशी डाळ होती. मला राग आला नाही, उलट घरच्यासारखं वाटलं. माइकवर "कोल्हापूर, फलाट सहा" असं खणखणीत पुकारून हात खाली येतो न येतो तोच खिडकीत एक डोकं यायचं : "ओ साहेब, कोल्हापूर कुठं लागलीय?" मी एकेकाला उत्तर देत बसलो. पहाटे साडेपाच. हो, सकाळी. साधा चालेल.

सहलीच्या दिवशी मी काळोखात फाटकाशी उभा. थंडी मरणाची. मुलं वेळेवर आली, ड्रायव्हर वेळेवर आला, मॅडमनी यादी धरून हजेरी घेतली. गाडी पाच चाळीसला हलली. एसटीच्या हिशोबात हे वेळेवरच. मी चहा प्यायला वळलो तेवढ्यात खिशात मोबाइल वाजला. प्लॉटवाले गृहस्थ ग्रुपवर विचारत होते, "सहल नक्की कधी आहे? कृपया एक दिवस आधी कळवावे." त्यांचा मुलगा खिडकीची सीट पकडून वाईच्या रस्त्याला लागला होता. त्याला त्याच्या आईनं आणून सोडलं होतं.