एक डिनाय लिहिला की झालं?

नेटवर्क स्विचवरच्या एसीएलबद्दल (कोणतं ट्रॅफिक सोडायचं, म्हणजे 'परमिट', आणि कोणतं अडवायचं, म्हणजे 'डिनाय', याची यादी) एक सल्ला जिथे तिथे फिरतो: "ज्याला अडवायचं त्याच्यासाठी डिनायची एक ओळ लिहा आणि व्हीलॅनच्या इंटरफेसला लावा. ओळ कुठेही असो, डिनायच जिंकतो. बाकी ट्रॅफिकला धक्का लागत नाही. शिवाय त्या व्हीलॅनमधली यंत्रंही एकमेकांपासून तुटतात." (व्हीलॅन म्हणजे स्विचवर वेगळं केलेलं उप-नेटवर्क; त्याचा इंटरफेस म्हणजे त्यातून बाहेर जाण्याचं दार.) सिस्कोच्या स्विचवर चालणाऱ्या आयओएस प्रणालीवर यातलं एकही विधान टिकत नाही.

"डिनायच जिंकतो": जिंकते ती पहिली जुळणारी ओळ. यादी वरून खाली तपासली जाते आणि ओळ जुळली की तपासणी तिथेच थांबते. १० क्रमांकावर 'परमिट आयपी एनी एनी' (कुठूनही कुठेही जाऊ द्या) असेल, तर २० वरचा डिनाय नुसता शोभेला. 'नो २०' करून तो ५ वर लिहा. क्रमांक दहा-दहाने वाढतात ते अशा वेळी मध्ये जागा मिळावी म्हणूनच.

"बाकीच्याला धक्का नाही": सगळ्यात महागात पडतं ते हेच. प्रत्येक यादीच्या शेवटी न दिसणारा 'डिनाय एनी' असतो, त्यामुळे एकट्या डिनायने सगळंच बंद होतं. मग घाईघाईत १९२.१६८.२०.० ला ०.०.०.२५५ वाइल्डकार्डने (० म्हणजे तो भाग जुळलाच पाहिजे, २५५ म्हणजे काहीही चालेल) परमिट दिलं जातं. (इथे सवयीने २५५.२५५.२५५.० टाकलं, तर फक्त .० ने संपणारे पत्ते जुळतात.) तरीही डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी पत्ते देणारी सेवा) अडतंच, कारण नव्या यंत्राची विनंती ०.०.०.० या पत्त्यावरून यूडीपी ६७ पोर्टकडे जाते. जुनी यंत्रं स्वतःच्या पत्त्यावरून लीज (पत्त्याची मुदत) वाढवून घेतात, म्हणून ती चालू राहतात आणि संशय उगाच डीएचसीपी सर्व्हरवर जातो. यादीत वर 'परमिट यूडीपी एनी एनी ईक्यू बूटपीएस' घाला (बूटपीएस म्हणजे तोच ६७ पोर्ट). शेवटी 'डिनाय आयपी एनी एनी' स्वतः लिहा, म्हणजे अडलेल्या पॅकेट्सचा आकडा दिसू शकेल. हार्डवेअरमध्ये अडलेली सगळी त्यात मोजली जातीलच असं मात्र नाही.

"यंत्रं एकमेकांपासून तुटतात": व्हीलॅन इंटरफेसची यादी फक्त राउट होणाऱ्या (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जाणाऱ्या) ट्रॅफिकला लागते. एकाच व्हीलॅनमधलं ट्रॅफिक तिथवर पोचतच नाही. त्यासाठी पोर्ट एसीएल (थेट पोर्टला लावलेली यादी) किंवा व्हीलॅन मॅप (व्हीलॅनच्या आतल्या ट्रॅफिकलाही लागणारा) लागतो.

दुरून यादी लावताना आधी 'रीलोड इन १०' द्या, म्हणजे स्वतःच बाहेर अडकलात तर दहा मिनिटांनी स्विच रीबूट होईल आणि सेव्ह न केलेली यादी निघून जाईल. सगळं नीट चाललं तर 'रीलोड कॅन्सल'. सेव्ह त्यानंतरच, नाहीतर रीबूट झालेला स्विच तीच यादी घेऊन उठेल.