जळालेलं घर पुन्हा बांधायचं तर

शनिवारवाडा होता तसा पुन्हा बांधा, ही मागणी पुण्यात अधूनमधून डोकं वर काढते. त्यासाठी इंग्लंडचा दाखला द्यायचा असेल तर अपपार्कचा जरूर द्यावा, पण अर्धवट देऊ नये.

वेस्ट ससेक्समधलं अपपार्क हे सतराव्या शतकाच्या अखेरीचं विटांचं घर. ३० ऑगस्ट १९८९ रोजी छपरावर शिशाच्या पत्र्याची दुरुस्ती चालू असताना ते पेटलं. काम संपतच आलं होतं. छप्पर आणि वरचा मजला गेला. तळमजल्यावरची चित्रं आणि फर्निचर लोकांनी साखळी करून बाहेर काढलं. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने घर आगीच्या आदल्या दिवशी होतं तसं करायचं ठरवलं आणि १९९५ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. विमा होता, म्हणून पैसा होता. पण पैशाहून मोलाचा ठरला तो ढिगारा. चौकोन आखून, कुठल्या चौकोनातून काय निघालं याची नोंद ठेवत राखमाती डब्यांत भरली आणि मग चाळली. कोरीव लाकडाचे तुकडे, छताच्या नक्षीचे टवके, दारांचं पितळी सामान, जे हाती लागलं त्यावरून उरलेलं बेतलं. आपल्याकडे आगीनंतर सगळ्यात आधी जेसीबी पोचतो.

तिथल्या छताची नक्षी ओल्या चुन्यात हाताने घडवलेली होती. हे कसब इंग्लंडातही लोपत आलं होतं; कारागिरांना ते नव्याने कमवावं लागलं. अशा छताला लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात, दोन पट्ट्यांत साधारण ८ ते १० मिलिमीटरची फट ठेवून. पहिला थर इतका दाबून चढवतात की चुना फटीतून पलीकडे जाऊन वळतो आणि तिथेच अडकतो. सगळं छत या अडकलेल्या चुन्यावर लटकतं. वाळू चुन्याच्या अडीच ते तीन पट, शिवाय जनावराचे केस, नाहीतर सुकताना थर तडकतो. एकंदर तीन थर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. घाई केली की वरचा थर खालच्याला सोडतो.

आग विझल्यावर पाणी छळतं, आणि जास्त दिवस छळतं. बंबाचं पाणी जाड भिंतीत मुरतं. भिंत सुकण्याचा ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच, म्हणजे अर्ध्या मीटरच्या भिंतीला दीड-दोन वर्षं. त्याआधी सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, भिंतीत शिरलेल्या तुळयांच्या टोकांना बुरशी धरते. जुन्या वाड्यांच्या ‘दुरुस्ती’त, आग न लागताही, आपण ओल अशीच कोंडतो. घाण्यात मळलेला, गूळ-हिरडा घातलेला चुना ज्या प्रांताला माहीत आहे, त्याने हे करावं हे विशेष.

शिवाय इंग्लंडही प्रत्येक घर परत उभारत नाही. सरेमधलं क्लँडन पार्क, जाकोमो लेओनी या व्हेनिसच्या वास्तुकाराचं, २९ एप्रिल २०१५ रोजी तळघरातल्या वीजफलकातल्या दोषाने पेटलं. आग लिफ्टच्या पोकळीतून वर चढली. एक दालन बऱ्यापैकी वाचलं, बाकी नुसत्या भिंती. आधी मुख्य दालनं पूर्ववत करायचं जाहीर झालं. २०२२ मध्ये ट्रस्टने बेत बदलला: भिंती उघड्याच जपायच्या. टीका भरपूर झाली, आणि टीकाकारांचं अगदीच चुकतं असं नाही. तरी मला निर्णय पटतो. एरवी गिलाव्याआड दडणारी विटांची बांधणी, कमानी, पट्ट्या ठोकायचं लाकूडकाम तिथे पाहता येतं.

आता शनिवारवाडा. १८२८ च्या आगीनंतर राहिले तट, बुरूज, दरवाजे, चौथरे. ढिगारा कुणी चाळून ठेवला नाही, आणि खोलीखोलीचा जो पुरावा अपपार्कला मिळाला त्याच्या जवळपासचंही आपल्या हाती काही नाही. त्यावर जे उभं राहील तो सिनेमाचा सेट असेल.

तोच पैसा अजून उभ्या असलेल्या वाड्यांच्या नोंदींवर घालावा. लेझरने मोजणी, प्रत्येक खांब-तुळईचे फोटो, आणि या नोंदींची एक प्रत वाड्याबाहेर. पुनर्विकासाचा वाद वर्षानुवर्षं चालतो, पण मोजणीसाठी भाडेकरू हलवावा लागत नाही की वारसांचा दावा मिटावा लागत नाही. जुनी वायरिंग बदलावी. छपरावर ज्योत किंवा वेल्डिंग शक्यतो नकोच. टळत नसेल तर लेखी परवानगी, हाताशी पाणी, आणि काम थांबल्यावर निदान तासभर पहारा, कारण पत्र्याखालचं लाकूड आतल्या आत धुमसत राहतं आणि तोवर कामगार जेवायला गेलेले असतात.