अहो, एकदा हात धरून तर बघा!

आठ महिने! आठ महिने हा उजवा खांदा घेऊन मी डिचोली ते म्हापसा, डिचोली ते पणजी अशा कदंबाच्या बसमधून खेपा घालतेय. वरचा दांडा धरायला हात वर जात नाही, म्हणून डाव्या हाताने लोंबकळत. रात्री त्या कुशीवर वळले की जीव जातो.

पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "मानेचं आहे." पट्टा लावा म्हणे. अहो, मान फिरवून मला काही होत नाही, कोपराच्या खाली कळ नाही, मुंग्या नाहीत! विचारलंत का? दुसऱ्यांनी एक्स-रे काढला. नॉर्मल. नॉर्मलच येणार, त्यात हाडं दिसतात, सांध्याभोवतीचं आवरण आखडलेलं दिसत नाही. तिसऱ्यांनी एमआरआय करवला, स्नायूला बारीकशी चीर सापडली आणि लगेच ऑपरेशनच्या गोष्टी. पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी जणांना अशी चीर असते आणि कणभरही दुखत नसतं. शेजारच्या वहिनींचं निदान तर फुकट : "चवथीला नारळ फार खोवलेस."

शेवटी फिजिओथेरपीवाली पोर भेटली, माझ्या लेकीच्या वयाची. कोपर कमरेशी टेकवायला लावलं, मनगट धरलं आणि हात बाहेरच्या बाजूला वळवला. डावा दारासारखा उघडला. उजवा चार बोटं सरकला आणि ठप्प. मी जोर लावला तरी तिथंच, तिनं लावला तरी तिथंच. "काकी, नुसता स्नायू फाटला असता तर मी वळवल्यावर तुमचा हात पुढे गेला असता. हा फ्रोजन शोल्डर, सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय. साखर कधी तपासलीत?"

दोन मिनिटं! ना मशीन, ना फिल्म. तीन मोठ्या खुर्च्यांतल्या एकालाही माझा हात धरून वळवावासा वाटला नाही? मी काय पार्सल आहे, नुसता कागद बघून पुढे ढकलायला?

साखर तपासली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ७.८. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह. मधुमेहवाल्यांचे खांदे जास्त आखडतात, ही काय गुपित गोष्ट आहे? तिघांच्याही केसपेपरवर माझं वय आहे, वजन आहे, फी घेतल्याचा शिक्का आहे. साखरेचं नाव नाही.

आता म्हणे सुटायला वर्ष लागेल, दोनही लागतील. तोवर ब्लाउजचे मागचे हूक नवरा लावतो. एक घर चुकवूनच.