यंत्राला जाग, प्रेक्षकाला झोप

यंत्रमानवांना जाणीव येते, या विषयावरची मालिका बिघडवणं वाटतं तितकं सोपं नाही. कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातच रोबोंनी बंड करून माणसाचा निकाल लावला होता, म्हणजे शंभर वर्षांची पूर्वतयारी आयती पदरात पडते. एवढ्या भांडवलावर दहा भागांचं कंटाळवाणं गुऱ्हाळ चालवायचं तर अंगी कसब हवं. ते कसं कमवायचं, ते बघू.

आधी यंत्रमानव. तो बाईच असावा, तरुण असावा, आणि कामासाठी बनवला असला तरी हाताला कधी घट्टे पडलेले नसावेत. कानशिलावर एक गोल दिवा बसवा. निळा म्हणजे आज्ञाधारक, लाल म्हणजे जागी झाली. मेंदूत काय काय घडतं हे सगळं सांगून झालं तरी आतून काहीतरी ‘वाटतं’ ते का, याला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सनं १९९५ मध्ये ‘अवघड प्रश्न’ असं नाव दिलं आणि तत्त्वज्ञ अजून त्यावर भांडतायत. तुम्ही तो दोन रंगांच्या एलईडीत सोडवून मोकळे व्हा.

अभिनयासाठी एकच सूचना पुरते: पापणी लववू नका. माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. ते बंद केलं की डोळे चुरचुरतात, लाल होतात आणि थोड्या वेळानं आपोआप पाणी सुटतं. कॅमेरा चालूच ठेवा. गालावरून एक थेंब ओघळला की मागे व्हायोलिन लावा, पहिल्या भागाचा शेवट तयार. आता, या यंत्राला अश्रू आले कुठून? कुणीतरी डोक्यात इवलीशी टाकी बसवली असणार, पंप लावला असणार, पापणीपर्यंत नळी नेली असणार, दर आठवड्याला खारं पाणी भरलं असणार. ‘झाडूपोछा करणाऱ्या यंत्राला हे कशाला?’ असं कुणीतरी बैठकीत विचारलंही असणार. हा टाकी बसवणारा माणूस अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात भन्नाट पात्र आहे, म्हणून त्याला एकही संवाद देऊ नका.

जाणीव येण्याचं कारण जपून निवडा. डिस्कवरची फाइल पुसली की बहुतेक वेळा तिची फक्त नोंद जाते. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथंच पडून असतो. म्हणजे मालकानं पुसलेला दिवस यंत्राला तुकड्या-तुकड्यानं सापडू शकतो. यात खरंच कथा दडलेली आहे, तेव्हा चार हात लांब राहा. त्यापेक्षा दिवंगत शास्त्रज्ञानं लपवून ठेवलेला गूढ कोड बरा. तो पेनड्राइव्हमध्ये मावतो, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत धावतो, आणि तो वाचताना सगळे ‘हे अशक्य आहे’ एवढंच म्हणतात.

बॅटरीचं नाव काढू नका. चालत्या-फिरत्या यंत्रमानवाला सरासरी ५०० वॅट धरले तर सोळा तासांना ८,००० वॅट-तास लागतात. चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोमागे साधारण २५० मावतात. म्हणजे नाजूक नायिकेच्या पोटात ३२ किलोंची बॅटरी आली, आणि नायक तिला उचलून पावसातून धावतो तो प्रसंग गेला. बरं, चार्जिंग दाखवलंत की वीज कुणाच्या मीटरवरची, ती तोडायचा हक्क कुणाला, असे प्रश्न सुरू होतात. त्यांच्या मागोमाग मालकी, मजुरी, गुलामगिरी सगळं न बोलावता येतं, आणि मालिका रंगायला लागते. लक्षात ठेवा, तपशील शिरला की नाट्यही शिरतं. दोघांनाही दारातच अडवा. कारखान्यातल्या रोबोला पिवळ्या पाटीवरचं मोठं लाल बटण असतं, दाबलं की यंत्र जागच्या जागी थांबतं. तुमच्या कंपनीनं हजारो यंत्रमानव विकले, पण हे बटण लावायला ती विसरली, एवढं प्रेक्षकानं गुमान मान्य करावं.

चौथ्या भागात एक प्राध्यापक आणा. त्यानं संगणकशास्त्रज्ञ ट्यूरिंगचं नाव घ्यायचं आणि लगेच नायिकेची चाचणी काचेच्या खोलीत, समोरासमोर, मंद उजेडात घ्यायची. यंत्र विचार करतं का हे ताडण्यासाठी ट्यूरिंगनं १९५० च्या लेखात प्रश्नोत्तरं टाइप करून व्हावीत असं सुचवलं होतं, ते मुद्दाम: चेहरा आणि आवाज बघून निकाल लागू नये म्हणून. ते पाळलंत तर नटीच्या चेहऱ्यावर केलेला सगळा खर्च पाण्यात. विज्ञानकथाकार असिमोव्हचे रोबोंनी कसं वागावं याचे तीन नियमही म्हणून घ्या, आरतीसारखे, अर्थाकडे लक्ष न देता. त्याच्या कथांची सगळी गंमत नियम पाळताना होणाऱ्या गोच्यांत होती. तुमच्याकडे दिवा लाल झाला की नियम संपले.

सातव्या भागात एका यंत्राला गोळी घाला आणि बाकीच्यांना धाय मोकलून रडू द्या. काल रात्रीची प्रत सर्व्हरवर असेल की, असं कुणी म्हणता कामा नये. कारण प्रत चालू केली तर ती तीच का? मेलेलीनं दिलेला शब्द हिनं पाळायचा का? आणि मूळ बाई मेलीच नव्हती असं निघालं, तर घरी कुणी जायचं? तीन भाग हा हा म्हणता निघतील आणि प्रेक्षक रात्रभर जागेल. शास्त्रज्ञाच्या तोंडी एक वाक्य घाला, ‘जाणिवेची प्रत निघत नाही’, आणि पुढे चला.

इतकं सगळं वगळल्यावर दहा भाग भरायचे कशानं? काळाची सरमिसळ करा. यंत्र म्हातारं होत नाही, त्यामुळे तीस वर्षांपूर्वीचा प्रसंग आजचा म्हणून खपतो. ‘वेस्टवर्ल्ड’ या यंत्रमानवांच्याच अमेरिकी मालिकेनं २०१६ मध्ये ही युक्ती बेमालूम वापरली. तेव्हापासून प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर न्याहाळतो, तेव्हा तुम्ही दोनाऐवजी चार काळ घ्या. गोंधळ उडाला की त्यालाच खोली म्हणता येतं. मध्ये मध्ये पाणी घालायला ओसाड माळावर एकटक बघत उभी असलेली नायिका आहेच.

शेवटाला कुठलंही उत्तर देऊ नका. एक दार उघडावं, आत नायिकेसारखीच दुसरी उभी असावी, काळा पडदा. ‘वेस्टवर्ल्ड’ २०२२ मध्ये चौथ्या सीझननंतर बंद झाली आणि पाचव्यासाठी राखलेला शेवट राहून गेला. तुमच्यावर ही वेळ पहिल्याच सीझनला आली तर उत्तमच. मुलाखतीत सांगा की सगळा उलगडा पुढे होणार होता. कुणी खोदून विचारलंच की नेमका कोणता, तर पापणी न लववता त्याच्याकडे बघत राहा.