हात लावू नको म्हणे!

आज २३ एप्रिल, जागतिक पुस्तक दिन. इथं सेलूतल्या एका वाचनालयात कार्यक्रम होता म्हणून एवढ्या उन्हात गेले. हार, दिवा, सत्कार, फोटो सगळं झालं. मागच्या भिंतीला काचेचं कपाट, त्यात पुस्तकं छान उभी करून ठेवलेली आणि कपाटाला कुलूप. आठवी-नववीतली एक पोरगी काचेला नाक लावून बघत होती. तिनं विचारलं, "सर, ते निळं बघू का?" तर उत्तर काय, "हात लावू नको, प्रदर्शनाला ठेवलेत." पुस्तक दिनाच्या दिवशी! माझं डोकं तिथंच फिरलं, अजून शांत झालेलं नाही, म्हणून हे लिहायलेय.

मला लगेच परतूरची ती पोरगी आठवली. काही जणांना हे आधी सांगितलंय, पुन्हा ऐका. २००९ची गोष्ट. मी तेव्हा सेलू-जालना अप-डाऊन करायची. संध्याकाळची मराठवाडा एक्सप्रेस, लेडीज डब्यात नशिबानं खिडकी मिळालेली आणि हातात मिलिंद बोकीलांची 'शाळा'. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते, २००४ला आलेली कादंबरी आहे, आणीबाणीच्या काळातली, नववीतला मुकुंद जोशी सगळं सांगतो, मित्र, मास्तर, नरूमामा, शिरोडकर नावाची मुलगी, कोण कुणाला लाईन देतंय, त्याच्या डोक्यात येईल तसं, मोठ्या माणसानं मागाहून नीटनेटकं केलंय असं कुठं वाटतच नाही. असली तऱ्हेवाईक भाषा मी तोवर छापलेली बघितली नव्हती, त्यामुळं एकटीच हसत बसलेले. समोर एक आजी आणि तिची नात, औरंगाबादला घाटी दवाखान्यात दाखवून परत चाललेल्या. नातीला शेवटी राहवलं नाही. "मावशी, कामून हसायलाव?"

मी पुस्तकच तिच्या हातात दिलं. पोरीनं जी मान खाली घातली ती परतूर आलं तरी वर नाही. आजी दंड धरून ओढायली आणि ही पानात बोट घालून उभी. मी म्हटलं, घेऊन जा. "परत कसं देऊ?" नको देऊ, वाचून झालं की दुसऱ्या कुणाला दे. तर आजी मला विचारते, "कितीला दिलं म्हणावं, बाई?" फुकट म्हटल्यावर तिला खरंच वाटेना. चंचीतून दहाची नोट काढून माझ्या मुठीत कोंबायला लागली. कसंबसं नको नको म्हणून दोघींना उतरवलं.

त्या आजीला अक्षर येत नसेल बहुतेक, पण नातीच्या हातातली वस्तू फुकट घ्यायची नसते, तिचं मोल असतं, हे तिला कळलं. आणि आज खुर्चीवर बसलेल्या शिकलेल्या लोकांना ते कळत नाही?

आपण कुठले लोक आहोत हे तरी आठवावं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून, तेव्हा मराठी वाचायला मिळावं म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचनालयं उभी केली. परभणीचं गणेश वाचनालय १९०१चं आहे. ते सगळं काय काचेआड ठेवायला केलं? भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन सरांनी १९३१मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यातला पहिलाच नियम, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. पहिलाच! भाषणात त्यांचं नाव दोनदा आलं आज, कुलपापासून चार पावलांवर.

बरं, ग्रंथपालाची बाजू आहे. पुस्तक हरवलं की जाब त्यालाच विचारतात आणि पगार किती मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. मान्य. पण मग किल्ली घेऊन शेजारी बसा ना, पाच मिनिटं बघू द्या.

वरून एक काका मला समजावायला आले. ते निळं पुस्तक नेमकं 'शाळा'च होतं. म्हणे मुलींच्या हातात चरित्रं द्यावीत, असल्या लाईन-बिईनच्या कादंबऱ्यांनी पोरी बिघडतात. वयानं मोठे म्हणून तिथं गप्प बसले, इथं बोलते. काका, चौदाव्या वर्षी मनात जे चालतं ते पुस्तक वाचून सुरू होत नाही. ते सगळ्यांच्याच मनात चालतं, एवढंच पुस्तकातून कळतं आणि छातीवरचा दगड उतरतो. माझ्या चौदाव्या वर्षी मला कुणी हे पुस्तक दिलं असतं तर (तेव्हा ते लिहिलेलंच नव्हतं, पण असलं एखादं) मी किती रात्री कमी रडले असते.

ब्रिटनमध्ये २०११ला वर्ल्ड बुक नाइट सुरू झाली. तिकडे लोक पुस्तकं घेऊन निघाले आणि जे वाचत नाहीत अशा अनोळखी माणसांच्या हातात नेऊन दिली. हल्ली तीसुद्धा २३ एप्रिललाच असते, म्हणजे आजच.

दिलेलं पुस्तक रद्दीतही जात असेल, जातच असेल. परतूरच्या पोरीनं ते पुढं कुणाला दिलं का, मला माहीत नाही. तिचं नावसुद्धा विचारलं नाही मी. आता पंचविशी-तिशीत असेल, कदाचित एखाद्या पोराची आई. पण प्लॅटफॉर्मवर आजीच्या मागं चालता चालता तिनं पुस्तक पुन्हा उघडलं होतं, आणि आजी ओरडत होती, "म्होरं बघ गं, पडशील!" एवढं मी खिडकीतून बघितलं. मला ते पुरलं इतकी वर्षं.

आजच्या पोरीला मात्र मी काहीच देऊ शकले नाही. पर्समध्ये नेमकं पुस्तक नव्हतं. बाहेर येऊन बघितलं तर ती मैत्रिणीसोबत निघून गेलेली. मोंढ्याच्या मागं राहते एवढं चहावाल्याकडून कळलं. उद्या संध्याकाळी जाणार आहे. माझी प्रत नांदेडला बहिणीकडं अडकलीय, ती काही उद्यापर्यंत येत नाही. सेलूत कुणाकडं 'शाळा' असेल तर आज रात्रीच कळवा. जुनी, फाटकी, कशीही चालेल. घ्यायला मी येते. परत मिळणार नाही, ते आधीच सांगते.